जेवलेला दगड

बाने देवाचं भांडं गुहेत नेऊन ठेवलं त्याला महिना झाला होता. भांडं तिथे ठेवलं, पण त्याच्या तळाचा दगड तो परत घेऊन आला. दगड केळीच्या पानात गुंडाळला, जाळीच्या झोळीत घातला, झोळी आढ्याला टांगली आणि मला म्हणाला, "पाऊस थांबला की याला याच्या घरी सोडून येऊ."

याचं घर म्हणजे जंगलातली दगडी घरं. बाहेरचे लोक तिथे येऊन फोटो काढतात, किती राजे झाले ते मोजतात. आमच्याकडे ती देवांची घरं. देव तिथून कधीच उठून गेले, पण घर ते घर. पूर्वी प्रत्येक पुरुष तरुणपणी तिथून एक लहानसा दगड उचलून आणायचा, मातीचं भांडं घडवायचा, भांड्याच्या ओठावर देवाचं तोंड काढायचा आणि दगड तळाशी ठेवायचा. भांड्यात धूप जळला की दगडाच्या वाटेने तो देवाच्या पोटात जायचा. काही वर्षांनी भांडं काजळीने भरलं की ते गुहेत ठेवायचं आणि नवं घडवायचं. दगड मात्र तोच राहायचा.

गावात असं भांडं शेवटी एकच उरलं होतं, बाचं. बाकीचे सगळे प्रार्थनाघरात जायला लागले. माझा धाकटा भाऊ एलियास तिथे गिटार वाजवतो. माझा मुलगा शहरात गाडी चालवतो आणि फोनवर विचारतो, "आजोबा अजून दगडाला जेवू घालतात का?" म्हणजे बाच्या मागे भांड्याला कोणी नव्हतं. बा त्र्याऐंशीचा झाला होता, एका डोळ्याने त्याला नुसता उजेड दिसायचा. आपण गेल्यावर दगड कुणा पाहुण्याच्या खिशात जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते बरोबरच होतं.

अडचण एवढीच होती, की तो दगड तो नव्हता.

मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी बा नवं भांडं घडवत होता. देवघराच्या झोपडीत बायकामुलींनी पाऊल टाकायचं नसतं. स्वयंपाक करायचा, टोपली उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायचं. मी टोपली ठेवली आणि मागे फिरले नाही. आत कोणी नव्हतं. दगड पानावर सुटा पडला होता, काळा, चपटा, माझ्या तळव्याएवढा. देव एवढासा असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तो उचलला आणि धबधब्यावर नेला, तेव्हा आमची वस्ती तिथून जवळच होती; आई तिथे धुणं धूत होती आणि मला तिला दाखवायचा होता. दाखवायच्या आधीच तो डोहात पडला. मी बुडी मारली, पुन्हा मारली, ओठ निळे झाले. मग काठावरचा एक गोटा उचलला, त्याच मापाचा, चुलीच्या काजळीत घोळवला आणि संध्याकाळच्या आत पानावर नेऊन ठेवला. बाने तो नव्या भांड्यात घातला.

तीन वर्षांनी आई आजारी पडली. बाने तीन महिने रोज धूप जाळला, रोज बालचे, झाडाच्या सालीची दारू, ओतली, सुरात म्हणत राहिला. आई गेली. तो कुणाला हाका मारत होता हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

त्यानंतर भांडं तीनदा बदललं. प्रत्येक वेळी बाने ओढ्यातला तो गोटा दोन्ही हातांनी उचलून एका घरातून दुसऱ्या घरात ठेवला. मी उंबऱ्यावर टोपली ठेवत राहिले. एक्केचाळीस वर्षं.

आणि आता बा त्याला पोचवायला निघाला होता.

*

पाऊस उघडला तसा एलियासने ट्रक काढला. पायवाटेच्या तोंडाशी आम्ही उतरलो. बाने आपला पांढरा सुती झगा घातला होता, पायांत रबरी बूट, केस पाठीवर मोकळे. झोळी त्याने छातीशी धरली होती.

"बा, ती झोळी माझ्याकडे दे," एलियास म्हणाला.

"तुझ्याकडे नको. तू गाणी म्हणतोस, त्याला झोप लागायची नाही."

"देवाला एवढं घरी जायचं होतं तर तो उडत नसता का गेला? आपल्याला कशाला चिखल तुडवायला लावला?"

"तू प्रार्थनाघरात उडत जातोस का? ट्रकनेच जातोस ना?"

एलियास माझ्याकडे बघून हसला. मी कोयत्याने वाटेवरची वेल तोडत होते, माझं लक्ष नाही असं दाखवलं.

वाट ओली होती. उंच सेइबाच्या मुळांना वळसा घालून जायचं, मग कोरोसो ताडांच्या अंधारातून, मग उतार. माकडं वरून ओरडत होती. त्यांना वाटतं जंगल त्यांचं. बा दर थोड्या वेळाने थांबायचा, दम खायचा आणि डोळा मिटून वास घ्यायचा. "इथे रामोनचं झाड होतं." झाड होतंच. "इथून पुढे मुंग्यांची वाट." मुंग्याही होत्या. डोळ्यांनी जे गेलं होतं ते त्याच्या नाकाने आणि तळपायांनी धरून ठेवलं होतं. मी त्याच्या मागे चालले होते आणि मनात एकच वाक्य जुळवत होते. बा, एक सांगायचं आहे. एवढं जुळायचं. त्याच्या पुढचं जुळत नव्हतं.

ओढ्यावर लाकडाचा ओंडका टाकलेला होता. एलियासने हात पुढे केला.

"हात नको. काठी दे."

"हात धरलास तर काय होईल?"

"काठी निदान बोलत नाही."

ओंडक्यापासून धबधबा ऐकू येतो. आधी वारा आहे असं वाटतं, मग वारा थांबतो आणि आवाज तसाच राहतो. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं डोहात उतरली होती. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं, चुन्याच्या थरांवरून, दुधासारखं, आणि खाली हिरवं होऊन थांबतं. पाकोळ्या पाण्याच्या पडद्यातून आत जातात आणि कोरड्याच बाहेर येतात. मी पाहुण्यांना इथे घेऊन येते तेव्हा ते विचारतात, खोल किती आहे? मी सांगते, दोन पुरुष. मला नक्की ठाऊक आहे.

आम्ही बसलो. मी भोपळ्याच्या वाडग्यात पोसोल कालवलं, मक्याचं पीठ हाताने पाण्यात मोडलं. बाने पहिला घोट झोळीतल्या पानावर शिंपडला, दुसरा स्वतः घेतला.

"कोह," तो म्हणाला, "तुझी आई या दगडावर धुणं धुवायची."

"हो बा."

"हाच ना?"

"हाच."

तेव्हा सांगता आलं असतं. डोह समोर होता, दगड झोळीत होता, बा बसलेला होता. मी वाडगा विसळला आणि म्हणाले, "चला, ऊन कलायच्या आत पोचू."

*

दगडी घरांपाशी एक राखणदार असतो. डोन लिसांद्रो नाव, पलीकडच्या चोल लोकांच्या गावातला. मला ओळखतो, बाला त्याने कधी पाहिलं नव्हतं. पालापाचोळ्यावर पाय पसरून तो रेडिओ ऐकत बसला होता. आम्हाला बघून त्याने टोपी घातली.

"आजोबा, झोळीत काय आहे?"

"दगड."

"इथून दगड न्यायला बंदी आहे."

"नेत नाही. आणलाय."

डोन लिसांद्रोने विचार केला. "कुठून आणला?"

"इथूनच. एकसष्ट वर्षांपूर्वी नेला होता."

"मग तो गुन्हा झाला, आजोबा."

"मग पकड."

"एकसष्ट वर्षांपूर्वी माझा जन्मही झाला नव्हता. मी कसा पकडू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोहताई, दगड आणून ठेवण्याबद्दल कागदात काही लिहिलेलं नाही. वेळ लागेल का?"

"नाही लागणार," मी म्हणाले.

पायऱ्या उंच आहेत, शेवाळलेल्या. एलियास बाच्या मागे दोन्ही हात पसरून चढला, हात मात्र लावला नाही. वरच्या खोलीचं छत अजून शाबूत आहे. आत वटवाघळांचा वास आणि गारवा. बा दारातच थांबला, झुकला, आणि डाव्या भिंतीवरून बोटं फिरवत आत गेला. भिंतीशी तो हळू आवाजात काहीतरी बोलत होता, बऱ्याच दिवसांनी एखाद्या घरी गेल्यावर माणूस जोत्यावरूनच बोलायला लागतो तसं. मग बोटं थांबली.

"ही. ही फट."

फट गुडघ्याच्या उंचीवर होती, भिंतीतला एक लहान दात पडल्यासारखी. बा खाली बसला. झोळीतून राळ काढली, खापरावर ठेवून पेटवली. धूर पांढरा, जाड, छताला जाऊन टेकला. वटवाघळं हलली. डोन लिसांद्रोने खालून वर पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

बा म्हणू लागला. लहानपणापासून मी ते झोपडीच्या बाहेरून ऐकत आले होते. इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होते.

उठ बाबा, जेव बाबा, धूप वाढलाय पानी,
दुरून आलो आम्ही, पाय माखले चिखलानी.
माझं नाव विसर, माझ्या लेकरांचं नको,
खाल्ल्याची आठवण ठेव, उपाशी राहू नको.

मग त्याने पान सोडलं, दगड दोन्ही हातांत घेतला आणि फटीत ठेवला. तो बसेना. बाने आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. फट चपटी होती, टोकदार कोपऱ्यांची. गोटा तिच्या तोंडाशीच अडत होता. बा मागे सरकला, दगड हातात फिरवून बघितला आणि हसला. खूप दिवसांनी मी त्याला हसताना पाहत होते.

"फुगलाय," तो म्हणाला. "चाळीस, पन्नास, साठ वर्षं खातोय नुसता. जाडा झालाय लेकाचा."

एलियासही हसला. "बा, तूच लाड केलेस."

"एलियास, कोयता दे. भोक जरा मोठं करतो."

"आजोबा!" खालून डोन लिसांद्रो ओरडला. त्याचे कान तिखट आहेत. "भिंतीला हात लावायचा नाही!"

"देवाचं घर आहे, देवासाठीच फोडतोय. तुझं काय जातंय?"

एलियासने कोयता दिला नाही. बाने स्वतःच खापराचं टोक घेतलं आणि फटीच्या कडेवर ठेवलं. चुन्याची एक कपची खाली पडली. पहिलीच.

"बा, थांब," मी म्हणाले. "तो मावणार नाही. तो इथला नाहीच."

"म्हणजे?"

मी सांगितलं. टोपली, उंबरा, डोह, काजळी. जुळवलेलं एकही वाक्य त्यात आलं नाही. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांचं ते, मला वाटलं होतं तास लागेल. धूर अजून छताला टेकलेलाच होता.

एलियास हळूच म्हणाला, "अक्का." बस, एवढंच.

बाने खापर खाली ठेवलं. पडलेली कपची उचलली, होती तिथे परत बसवून पाहिली. ती राहिली नाही, म्हणून फटीच्या आत ठेवली. मग गोटा पानात गुंडाळला.

"तेव्हा तुझी आई होती का धबधब्यावर?"

"होती. तिने पाहिलं नाही."

"बरं."

तो उठला आणि पायऱ्या उतरू लागला. उतरताना त्याने काठी घेतली नाही, एलियासचा हात धरला. डोन लिसांद्रोने झोळीकडे बोट दाखवलं. "आजोबा, दगड परत नेताय?"

"हा तुमचा नाही."

"खात्री आहे?"

"तिला विचार," बा म्हणाला. धबधब्यापर्यंतच्या वाटेवर तो माझ्याबद्दल एवढंच बोलला, आणि तेही दुसऱ्याशी.

*

अर्ध्या वाटेवर मी पोसोलचा वाडगा पुढे केला. बाने घेतला नाही. एलियासने स्वतःचा दिला, तो घेतला. येताना तो दम खायला, वास घ्यायला थांबत होता, आता कुठेच थांबला नाही. मी मागे राहिले. पुढे बाचे पांढरे केस आणि पांढरा झगा सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत जात होते.

धबधब्यापाशी तो वळला आणि आईच्या दगडावर जाऊन बसला.

"कुठे पडला?"

मी दाखवलं. त्याला दिसलं नसणार. पण पाण्याचा आवाज तिथे वेगळा येतो, तो त्याने ऐकला.

"म्हणजे एक्केचाळीस वर्षं तो इथे आहे."

"हो बा."

"उपाशी."

पाकोळ्या आत गेल्या, बाहेर आल्या. बाने झोळी चाचपली, उरलेली राळ सगळी काढली, घरी तो एका वेळी जाळायचा त्याच्या चौपट. काठावर पेटवली. धूर पाण्याच्या तुषारांत शिरून खाली वाकला. मग त्याने पोसोलचा वाडगा मागितला. माझ्याकडे हात पसरून मागितला. मी दिला. त्याने तो अख्खा डोहात ओतला आणि तेच गाणं म्हटलं, पहिल्यापासून. "उपाशी राहू नको" ही ओळ त्याने तीनदा म्हटली. ती तीनदा म्हणायची नसते.

सगळं झाल्यावर मी विचारलं, "आणि आई?"

बाने पाण्याकडे तोंड केलं.

"तीन महिने मी धूप जाळला. तो कुणाला पोचला, मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग दोघांनाही नाही." त्याने पान उघडून गोटा मांडीवर घेतला. "याला मागितलं, याने ऐकलं नाही. त्यालाही मी आधी खूप काही मागितलं होतं. त्यानेही सगळं ऐकलं असं नाही. पण हा एलियास सहा वर्षांचा होता, साप चावला होता, पाय काळा पडला होता. तेव्हा भांड्यात हाच होता."

"मला येशूने वाचवलं," एलियास म्हणाला. सवयीने म्हणाला.

"येशू तेव्हा गावात आला नव्हता. रस्ता नंतर झाला."

एलियासने खाली वाकून बूट नीट बांधला, जो सुटलेला नव्हता.

मी म्हणाले, "बा, मग हा इथेच सोडू या. याच काठावरचा आहे तो. मी उचलला तिथे ठेवते."

"इतकी वर्षं माझ्या घरात जेवला," बा म्हणाला. "आता त्याला सांगू, जा, चिखलात बस? इथे त्याला कोण ओळखतं? हे बाकीचे गोटे बघ, एकाच्या तरी तोंडाला धूप लागलाय का?"

"मग दगडी घरात?"

"तिथे तो मावला नाही. तू पाहिलंस ना."

"मग कुठे, बा?" एलियास म्हणाला. "भांडं तर तू गुहेत ठेवून आलास. ते परत आणता येत नाही, तूच म्हणतोस."

"नाही येत. नवं करावं लागेल."

ऊन डोहातून वर चढून झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. बाने आपले दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते, हल्ली ते नेहमीच थरथरतात. वाडगाही अर्धा सांडतो. त्याने ते मला दाखवले, मग एलियासला दाखवले. एलियासने मान खाली घातली.

"मी नाही, बा. मी गिटार वाजवतो."

"तुला कोणी विचारलं?" बा म्हणाला. गोटा त्याने पानातून काढून माझ्या ओंजळीत ठेवला. तो गरम होता, त्याच्या मांडीवर होता म्हणून. काजळी माझ्या तळव्याला लागली.

"बा, मी बाई आहे. मला त्याला हात लावता येत नाही."

"आता आठवलं तुला?"

एलियास हसला.

"हात तू एक्केचाळीस वर्षांपूर्वीच लावलास," बा म्हणाला. "पहिला तुझाच लागला. माझा मागून. माती उद्या आण, पलीकडच्या ओढ्याची, इथली नको, इथल्या मातीत चुना आहे, भाजताना तडकते. मी झोपडीत बसतो, तू उंबऱ्याच्या आत ये. तोंड कसं काढायचं ते मी सांगतो."

"आणि त्याला?" मी डोहाकडे पाहिलं.

"त्याला इथे येऊन जेवू घालायचं. तुझे पाहुणे येतातच ना इथे, आठवड्याला? तू पण ये. त्यांना पोहू दे, तू तेवढं वाढ."

तो उठला. काठी मागितली, मिळाल्यावर तिच्यावर टेकून ओंडक्याकडे निघाला. मी त्याच्या मागे. गोटा ठेवायला माझ्याकडे झोळी नव्हती, ती त्याच्या खांद्यावर होती आणि त्याने ती दिली नाही. म्हणून मी गोटा हातातच धरला. ओढा ओलांडताना एका हाताने तोल सांभाळावा लागला. दुसरा बंद होता.

पलीकडे पोचल्यावर बा थांबला, मागे न वळता म्हणाला, "पाडू नकोस."

"नाही पाडत, बा."